रोजकीर्द आणि रोजनिशी : मराठीतल्या रोजच्या लिहिण्याविषयी

रोज काहीतरी लिहावे, हा उपदेश मराठीत इतक्या वेळा केला गेला आहे, की तो कोणी, कोणाला आणि कशासाठी करावा हे विचारायचेच राहून जाते. लेखनाच्या कार्यशाळांत तो समर्थ रामदासांच्या नावाने सांगितला जातो आणि त्याच्या जोडीला अलीकडे 'एकवीस दिवसांत सवय' असे आश्वासनही मिळते. एका बाजूला सतराव्या शतकातले संतवचन आणि दुसऱ्या बाजूला सवयींचे आधुनिक मानसशास्त्र. या दोहोंच्या मधल्या काळात मराठी माणूस प्रत्यक्षात रोज काय लिहीत होता, इकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठीत रोज लिहिण्याची सवय साहित्यिकांनी लावलेली नाही. ती दफ्तरातून, पेढीवरून आणि कचेरीतून आली. ज्या लेखकांना ती लाभली, त्यांच्या गद्यावर तिचा ठसा आहे. आपल्या समीक्षेने मात्र रोजच्या नोंदीला कायम 'साधन' म्हटले, 'साहित्य' म्हटले नाही. या भेदामुळे आपण एक मोठा गद्यव्यवहार वाचायचाच सोडून दिला.

१

सुरुवात शब्दापासून करावी. 'रोजनिशी' या शब्दातली 'निशी' म्हणजे रात्र, असा समज पुष्कळांचा असतो, कारण रोजनिशी बहुधा रात्री लिहिली जाते. पण हा शब्द फारसीतून आलेला आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस या आडनावांत जो 'नीस' आहे तो मूळचा 'नविस', म्हणजे लिहिणारा. त्याच घराण्यातली ही 'निशी'. म्हणजे रोजनिशी या शब्दाचा अर्थच मुळी 'रोजचे लिहिणे' असा आहे. आपण ज्याला आज सवय म्हणतो, ते तेव्हा एका कामाचे नाव होते.

तिची सख्खी बहीण म्हणजे रोजकीर्द. पेढीवर दिवसभरात जे व्यवहार झाले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचे आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर लावायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. कीर्द आणि खतावणी यांतला हा फरक लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कीर्दीला दिवसाचा क्रम असतो, तर खतावणीत विषयवार मांडणी येते. कीर्द लिहिणाऱ्याला आज घडलेल्या गोष्टीचा अर्थ ठाऊक नसतो आणि तो ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याने ती आज, आणि जशी झाली तशी, लिहिलेली असली पाहिजे एवढेच. साहित्याच्या भाषेत बोलायचे तर आत्मचरित्र ही खतावणी आहे आणि रोजनिशी ही कीर्द.

अशी नोंद वाचताना मला तीन प्रश्न उपयोगी पडत आले आहेत. घटना आणि नोंद यांत अंतर किती? ही नोंद तपासणार कोण? आणि लिहिणाऱ्याने काय लिहायचे टाळले आहे? पुढच्या उदाहरणांना मी हेच तीन प्रश्न विचारणार आहे.

२

'पेशव्यांच्या रोजनिशा' म्हणून जे दफ्तर प्रसिद्ध आहे, ते गणेश चिमणाजी वाड यांनी पुण्याच्या दफ्तरातून निवडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खंडशः छापले गेले. खाजगी डायरी समजून कोणी हे खंड उघडले तर त्याची निराशा होईल. त्यात पेशव्यांच्या मनातले काही नाही. कोणाला काय दिले, कोणता कर माफ केला, कोणत्या तक्रारीवर काय आज्ञा झाली, अशा कलमांची ती नोंद आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी या रोजनिशांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी त्यांचे मोल बरोबर ओळखले होते. बखरींत आणि ग्रँट डफच्या इतिहासात लढाया आणि राजकारण आहे. लोक कसे जगत होते, हे या रोजनिशांतून कळते, असा त्यांचा रोख होता.

रानड्यांनी हे इतिहासकाराच्या नजरेने सांगितले. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यावरून पुढचे पाऊल टाकायला हवे होते, ते टाकले नाही. जुन्या मराठी गद्याचा विचार आला की आपण बखरींकडे जातो. बखरीत नाट्य आहे, उपमा आहेत, वाक्याला डौल आहे. पण बखर बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. रोजनिशीतले वाक्य त्याच दिवसाचे असते. ते आखूड, क्रियापदावर थांबणारे आणि विशेषणांना बिचकणारे असते. या गद्याचा स्वतंत्र अभ्यास झाला असता, तर मराठी गद्याला साधेपणा इंग्रजी अमदानीत मिशनऱ्यांच्या आणि शाळाखात्याच्या पुस्तकांनी दिला, ही समजूत आपल्याला थोडी तपासून घ्यावी लागली असती.

समर्थांच्या उपदेशाचाही इथेच नीट विचार करता येतो. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात प्रतिभेविषयी काही नाही. अक्षर बाळबोध आणि वाटोळे कसे असावे, ओळी सरळ कशा याव्यात, काना-मात्रा कशा द्याव्यात, कागद, शाई आणि लेखण्यांची तयारी कशी ठेवावी, याचा तो पाठ आहे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, ही त्यातली अपेक्षा मला फार मोलाची वाटते. शेकडो पानांची पोथी एका बैठकीत लिहून होत नाही, त्यात कितीतरी दिवस जातात. त्या सगळ्या दिवसांत हात बदलू नये, हे तिथे सांगितले आहे. म्हणजे समर्थांच्या परंपरेत लेखनाचा अभ्यास म्हणजे हाताची समता. मनातले मोकळे करणे ही त्यावर आपण चढवलेली कल्पना आहे.

३

आता माझ्या परिसरातले उदाहरण घेतो. नवीन पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की आधी पळस्पे येते आणि मग शिरढोण. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव, जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. कर्नाळ्याचा किल्ला इथून जवळ. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. आईच्या आजारपणात रजा मिळाली नाही, ही हकीकत शाळकरी भाषणांतही असते. ते पुण्यात लष्करी हिशेबखात्यात सुमारे १५ वर्षे कारकून होते, ही गोष्ट त्या भाषणांत ओझरती येते. माझ्या विषयाला तीच महत्त्वाची आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर वासुदेव बळवंतांनी रामोशांना जमवून बंड उभारले. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर पहिला दरोडा पडला. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले. या दोन महिन्यांच्या मध्ये, एप्रिलमध्ये, वासुदेव बळवंत श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले होते. तिथे त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. त्याखेरीज ते रोजनिशीही ठेवत होते. २० जुलै १८७९ रोजी मेजर डॅनियलने त्यांना देवर नावडगी इथे पकडले. पुण्यात खटला चालला तेव्हा हे दोन्ही कागद पुरावा म्हणून पुढे आले. त्यांना जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

बंडखोराने रोजनिशी का ठेवावी? हा प्रश्न चरित्रकारांना सहसा पडलेला दिसत नाही. जो माणूस लपत फिरतो आहे, ज्याच्यावर इनाम लागले आहे, त्याने आपल्या हाताने आपल्याविरुद्धचा कागद तयार करावा, हे व्यवहाराला धरून नाही. शिवाय त्या धावपळीत लिहायला वेळ आणि जागा काढावी लागते. याचे एक उत्तर इतिहासासाठी पुरावा ठेवण्याचे देता येईल. आत्मवृत्ताला ते लागू पडते, कारण तिथे ते देशबांधवांना उद्देशून बोलतात, दधीचीचे स्मरण करतात, अपयशाबद्दल क्षमा मागतात. पण रोजच्या नोंदीला ते पुरत नाही. मला वाटते, तिथे आपल्याला १५ वर्षे हिशेबखात्यात बसलेला माणूस दिसतो. दिवस संपला की त्या दिवसाचे लिहून टाकल्याशिवाय तो पुरा होत नाही, ही त्या नोकरीची शिस्त. सरकारची चाकरी सुटली, पण हाताला लागलेले वळण सुटले नाही.

या लेखनात काय आहे पाहा : मुक्काम, सोबतच्या माणसांची संख्या, हाती लागलेला ऐवज, वाटणीवरून झालेल्या कुरबुरी, पैसा दिसताच घराकडे ओढ घेणारे सोबती. मुंबई सरकारने १९५७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा जो पहिला खंड छापला, त्यात हे इंग्रजी अनुवादातून वाचायला मिळते. अर्थात तिथे आपण वासुदेव बळवंतांचे मराठी वाचत नाही, अनुवादकाचे इंग्रजी वाचतो. वाक्याच्या घडणीवर बोलण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याला नाही. पण कोणता तपशील नोंदवण्याजोगा मानला, यावर बोलता येते. आणि तिथे हिशेबनिसाची नजर स्पष्ट आहे. स्वराज्याचे स्वप्न पाहणारा माणूस आपल्या बळाचा आकडा फुगवत नाही. किती माणसे उरली, किती पैसा कमी पडला, हे तो लिहितो. स्वतःच्या बंडाचे अपयश त्याने आधी हिशेबात पाहिले आणि मग आत्मवृत्तात मांडले.

माझे तीन प्रश्न इथे लावून पाहावेत. नोंद आणि घटना यांत अंतर फारच थोडे. काय टाळले, याचे उत्तर मिळणे कठीण, पण अपयश टाळलेले नाही एवढे नक्की. तपासणार कोण, हा प्रश्न सर्वांत अवघड. कचेरीत वरचा अधिकारी वही तपासत असे. रानात तो नव्हता. वासुदेव बळवंतांनी त्याची जागा रिकामी ठेवली नाही. तिथे कधी देव आहे, कधी देशबांधव. दैवदुर्विलास असा, की प्रत्यक्षात ती वही तपासली सरकारी वकिलाने. त्यानंतर ती इतिहासाच्या अभ्यासकांनी तपासली. न्यायालयाने तिला पुरावा म्हटले, इतिहासाने साधन म्हटले. मराठी समीक्षेने तिला रोजनिशी म्हणून वाचायचे अजून राहिलेच आहे.

याच रायगड जिल्ह्यातले दुसरे एक पुस्तक तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांनी आपला प्रवास लिहिला तो जवळपास २५ वर्षांनी, आठवणीतून. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केला. हे पुस्तक मराठीत अजरामर झाले, ते योग्यच आहे. विष्णुभट उत्तम कथेकरी होते. झाशीचा वेढा ते सांगतात तेव्हा श्रोता समोर बसला आहे असे वाटते. पण त्यांच्या कथनाला आठवणीने वळण दिलेले आहे, प्रसंग निवडलेले आणि घोटलेले आहेत. मराठी वाचकाने आणि समीक्षकाने या दोन प्रकारांतला घोटलेला प्रकार डोक्यावर घेतला आणि न घोटलेला दफ्तरात ठेवला.

४

यावर एक आक्षेप रास्त आहे. सवय म्हणजे साहित्य नव्हे. मराठीतली कितीतरी श्रेष्ठ पुस्तके झपाट्याने लिहिली गेली. साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू झाली आणि १३ फेब्रुवारीला संपली, हे मराठी घराघरात माहीत आहे. केशवसुतांच्या 'झपूर्झा'पासून आपल्या मनात जी प्रतिभेची कल्पना बसली आहे, तिला हे पाच दिवस चांगला आधार देतात. ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' लिहून कलेला तंत्र असते आणि ते शिकता येते असे सांगितले, तेव्हा त्यांची थट्टा करणाऱ्यांनाही असेच दाखले सोयीचे होते.

पण त्या पाच दिवसांच्या मागे काय होते? साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहाचे काम पाहत. तिथे त्यांनी 'छात्रालय' नावाचे दैनिक चालवले. ते छापील नव्हते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुले ते वाचत. शाळा, वसतिगृह आणि शिवाय हे रोजचे लिहिणे. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर १८ प्रवचने दिली, तीही साने गुरुजींनीच उतरवून घेतली. म्हणजे नाशिकला त्या रात्री लेखणी उचलली तेव्हा हात तयार होता. आणि तो विशिष्ट प्रकारे तयार होता : समोर मुले बसली आहेत, त्यांना आज काहीतरी सांगायचे आहे, उद्या पुन्हा सांगायचे आहे. 'श्यामची आई'तली 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' ही मांडणी आश्रमातल्या गोष्टींची आहे, पण तिच्यात मला त्या हस्तलिखित दैनिकाचा क्रमही दिसतो. त्या पाच दिवसांत काही वर्षांच्या कीर्दीची खतावणी झाली, असे म्हणता येईल.

विनोबांचे स्वतःचे उदाहरण याहून सरळ आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याचा हा माणूस. त्यांनी 'गीताई' लिहायला ७ ऑक्टोबर १९३० रोजी घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी संपवली. दोन्ही टोकांचे दिवस धरून हे १२३ दिवस होतात आणि गीतेचे श्लोक ७००. सरासरी काढली तर दिवसाला सहाहूनही कमी. मराठीत सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांपैकी एकाची रोजची गती एवढीच होती.

एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट नियतकालिकांनी घडवली. गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून जी पत्रे लिहिली, ती १०८ झाली. तेव्हा ते पंचविशीतले सरकारी नोकर होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चे १८७४ पासून सात वर्षांत ८४ अंक निघाले. बारा साते चौऱ्याऐंशी. ती जवळजवळ एकहाती लिहिलेली होती आणि त्यातली बहुतेक वर्षे शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिकवत होते. लोकहितवादींचे वाक्य तुटक, घाईचे, एका दमात सांगून टाकणारे आहे. विष्णुशास्त्र्यांचे वाक्य लांब, फिरवून आणलेले, वाद घालणारे आहे. अंक ठरलेल्या वेळी गेलाच पाहिजे हे बंधन दोघांवर सारखे होते. म्हणजे नेमाने लिहिल्यामुळे सगळ्यांची शैली एकसारखी होते, ही भीती खरी नाही. नेम फक्त लिहिणे घडवून आणतो, शैली ज्याची त्याने आणायची असते.

परदेशातला एक दाखला इथे सहज आठवतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांत २५० शब्द लिहायचे, असा त्याचा नेम. कोणत्या आठवड्यात किती पाने झाली, याची तो वही ठेवत असे. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचे आत्मचरित्र निघाले आणि त्यात ही हकीकत वाचून अनेकांच्या मनातून तो उतरला. कलावंताने हिशेबनिसासारखे वागावे, हे वाचकांना सहन झाले नाही. आपल्याकडेही बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हे आपण विक्रम म्हणून सांगतो. ते गद्य कसे आहे, हे सांगायला मात्र कोणी थांबत नाही.

५

विसाव्या शतकात रोजनिशी मराठी साहित्यात आली, पण बाजूच्या दाराने. ना. ग. गोऱ्यांच्या 'कारागृहाच्या भिंती'सारख्या पुस्तकात ती तुरुंगातून आली. टिळकांचे 'गीतारहस्य'ही मंडालेच्या तुरुंगात २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या काळात पेन्सिलीने लिहिले गेले होते. राजबंद्यांच्या लेखनाचे आपण कौतुक करतो ते त्यागासाठी, आणि ते रास्तच आहे. पण तुरुंगाने लेखकाला एक गोष्ट दिली, जी घराने दिली नाही : ठरलेला दिवस.

दि. बा. मोकाशींच्या 'पालखी'त (१९६४) ती वारीच्या वाटेने आली. मोकाशींचा रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय होता. यंत्र उघडून कोणता भाग चालतो आणि कोणता नाही हे पाहणाऱ्या माणसाची नजर त्या पुस्तकात आहे. आजचा मुक्काम, आजचे चालणे, पायांचे हाल, दिंडीतली माणसे. भक्तीविषयी निष्कर्ष काढायची घाई नाही. वारीवर पुष्कळ लिहिले गेले, पण 'पालखी' टिकली याचे एक कारण हे, की तिच्यात पंढरपूर येईपर्यंत लेखकालाही आपल्याला काय मिळणार हे ठाऊक नाही. हा कीर्दीचा गुण आहे.

आणि 'कोसला'त (१९६३) ती विडंबनाच्या वाटेने आली. त्या कादंबरीचा एक भाग पांडुरंग सांगवीकरच्या डायरीचा आहे. नेमाड्यांनी डायरीची गंभीर पोज मोडून टाकली, असे आपण शिकवतो. ते खरे आहे. पण त्याच कादंबरीत वडिलांच्या पैशाचा हिशेब हा विषय पांडुरंगचा पाठलाग सोडत नाही, हेही पाहावे. बापाची कीर्द आणि मुलाची डायरी यांतला ताण तिथे आहे. बापाची प्रत्येक नोंद कुठेतरी लागू पडते. मुलाची नोंद कोणालाच द्यायची नाही, म्हणून ती भरकटते, हसते, स्वतःलाच खाते. आधुनिक मराठी रोजनिशीची अडचण नेमाड्यांनी अचूक पकडली होती : तपासणारा उरला नाही, तर रोज लिहायचे कोणासाठी?

६

आजच्या कार्यशाळा हाच प्रश्न टाळतात. 'एकवीस दिवस' हा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिले, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातले 'निदान' गळून गेले आणि चेहराही गळून गेला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसामाणसांत हे अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते. एखादा दिवस चुकला म्हणून विशेष बिघडत नाही, हेही त्यांना आढळले. पण तिथल्या कृती म्हणजे पाणी पिणे, फळ खाणे, व्यायाम करणे. लिहिणे या जातीचे आहे का? पाण्याचा पेला कोणाला उद्देशून नसतो. वाक्य असते.

अमेरिकेतच ज्युलिया कॅमेरॉन यांनी १९९२ मध्ये सकाळी उठल्याबरोबर तीन पाने हाताने लिहून काढायची पद्धत सांगितली आणि ती आपल्या शहरांतही पोहोचली. ही पाने कोणी वाचायची नाहीत, असा तिचा नियम आहे. मनाचा गुंता सुटायला ती उपयोगी असेल, त्याबद्दल माझे भांडण नाही. माझे म्हणणे एवढेच, की मराठी रोजनिशीची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. तिथे प्रत्येक नोंद कोणीतरी उद्या उघडून पाहणार, हे गृहीत आहे. या गृहीतामुळेच लिहिणारा आकडा, नाव, गाव, वार चुकू देत नाही. त्या अचूकतेतूनच गद्य घडते. शब्द मोजायला लावणारी शिस्त हात चालू ठेवील, पण डोळा उघडा ठेवायला नोंदच लागते.

अशी नोंद आजही आपल्या घरांत रोज होते आहे. 'कालनिर्णय' १९७३ मध्ये निघाले. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या त्या तारखेच्या चौकटींत मराठी बायकांनी जे लिहिले, ते कोणत्या वाङ्मयप्रकारात घालायचे? जास्तीचे दूध, सिलिंडर लावल्याचा दिवस, कामवालीचे खाडे, भिशीचा हप्ता, कोणाचे तरी श्राद्ध, कोणाची तरी डॉक्टरची तारीख. घटना आणि नोंद यांत अंतर नाही. तपासणारी ती स्वतः, आणि महिनाअखेरीस दूधवाला. टाळले काय, तर जवळजवळ सगळे. आनंद, भांडण, दुखणे यांना त्या चौकटीत जागाच नाही. पण एखाद्या महिन्यात दूध अचानक निम्मे होते, एखाद्या चौकटीनंतर खाडे लिहिणेच थांबते. वाचणाऱ्याला तिथे थांबता आले पाहिजे. ही कविता आहे असा माझा दावा नाही. पण हे रोजचे, नेमाने चाललेले, मराठीतले लिहिणे आहे, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही आपल्याला लिहायची सवय आहे असे वाटत नाही. कार्यशाळेत येऊन 'मला रोज लिहिणे जमत नाही' म्हणणारी बाई घरी जाऊन चौकटीत दूध लिहिते, तेव्हा आपल्या उपदेशातच काहीतरी चुकलेले असते.

हे कागद टिकण्याची शक्यता मात्र फार कमी आहे. विमानतळासाठी या भागातली दहा गावे उठली. सिडकोच्या जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. घर हलवताना पोथी, फोटो आणि सातबारा बरोबर जातात. कीर्दी, वह्या आणि भिंतीवरची कॅलेंडरे रद्दीत जातात. पनवेल एके काळी भातगिरण्यांचे आणि मिठागरांचे गाव होते. त्या गिरण्यांच्या आणि पेढ्यांच्या वह्यांत भाताचा भाव, गाड्यांची ये-जा, उधारी आणि माणसांची नावे होती. गावाचा इतिहास आपण बखरीसारखा, आठवणींतून लिहून घेतो आहोत, आणि त्याची कीर्द आपल्या डोळ्यांदेखत किलोच्या भावाने जाते आहे.

म्हणून या लेखाच्या शेवटी मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली ग्रंथालयांना आणि स्थानिक इतिहास मंडळांना : देणगी म्हणून जुनी पुस्तके घेता तशा जुन्या वह्याही घ्या. त्यांची यादी करताना 'किरकोळ' असा शिक्का मारू नका. कोणाची, कोणत्या सालाची आणि कोणत्या कामाची, एवढे लिहिले तरी पुरे. दुसरी समीक्षकांना : वासुदेव बळवंतांच्या रोजनिशीपासून भिंतीवरच्या चौकटीपर्यंतचे हे लेखन एकदा गद्य म्हणून वाचा. त्यातले क्रियापद कुठे येते, नाव कधी घेतले जाते आणि कधी टाळले जाते, लिहिणाऱ्याचा हात कोणत्या दिवशी कापला, हे पाहा. आणि ज्याला रोज लिहायला शिकायचे आहे त्याने एवढेच ठरवावे, की आजची नोंद उद्या कोणी मागितली तर ती दाखवता आली पाहिजे. तारीख घालावी, गाव घालावे, आणि दिवसभरात घडलेली एक गोष्ट घडली तशी उतरवावी. तिचा अर्थ खतावणीच्या वेळी लागेल.